लाल लोकर आणि तोंडभर पाणी

“राग आला की तोंडात पाणी धर. राग उतरेपर्यंत गिळायचं नाही आणि थुंकायचंही नाही.”

हे माझ्या आईचं सांगणं. नऊ वर्षांची असताना मी मामेभावाच्या दंडाला कडकडून चावले होते, तेव्हाचं. मामेभावाच्या दंडावर अजून दोन दातांची खूण आहे, आणि माझ्या हाताशी अजून पाण्याचा तांब्या आहे.

पुढे मी त्याचा नेमच केला. सकाळी पोथीचं एक पान वाचायचं, संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा, आणि या दोहोंच्या मध्ये रागाचा एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. अकरा वर्षं झाली. दिव्यानंतर मुभा आहे, पण तोवर राग शिळा होतो आणि शिळा राग मला आवडत नाही. त्यामुळे लोक म्हणतात, काय शांत बाई आहे. लोकांचा गैरसमज आहे. मी अतिशय रागीट बाई आहे. माझा राग ओला असतो म्हणून धूर दिसत नाही, एवढंच.

घर बदलायचं ठरलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, सामान हलवताना भल्याभल्यांचा तोल जातो, तुझा नेम त्या दिवसापुरता सोडून दे. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी मंद हसून म्हणाले, “वन्सं, आवाज न चढवता घर हलवून दाखवते. बघालच तुम्ही.”

ते मंद हसणं मला फार महागात पडलं.

घर थंडीत बदलायचं ही कल्पना ह्यांची. हे पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढतात. थंडीत घाम येत नाही, घाम आला नाही की हमाल थकत नाहीत, हमाल थकले नाहीत की काम निम्म्या वेळात होतं, असं ह्यांचं गणित. थंडीत हमाल अंथरुणातूनच उठत नाहीत ही गोष्ट त्या गणितात धरलेली नव्हती. ह्यांनी नव्या घराचा मोठा नकाशा काढला, आपल्या प्रत्येक वस्तूचा मापात बसणारा कागदी तुकडा कापला आणि आठवडाभर ते तुकडे नकाशावर सरकवत बसले. मी कागदी कपाट सरकवून पाहिलं तर माझ्या बोटावर पट्टी मारली. हलकेच, पण मारली. त्या दिवशी अर्धा तांब्या गेला.

माझी पद्धत सोपी होती. न्यायच्या प्रत्येक वस्तूला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा नाही ती वस्तू द्यायची किंवा टाकायची. हमालांना वाचता येवो न येवो, लाल रंग सगळ्यांना दिसतो. लोकरीचा गुंडा घरात होताच, समोरच्या आजींच्या स्वेटरमधून उरलेला.

आता या आजींबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्या दारात झाला.

आमच्या दारासमोर त्यांचं दार. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या, एकच खोली. चौदा वर्षं सकाळी त्यांची कडी वाजली की माझी वाजायची. मोतीबिंदू वाढला तेव्हा त्यांना खुर्ची दिसेना, औषधाचा डबा सापडेना. फक्त लाल रंग तेवढा कळायचा. म्हणून मीच त्यांच्या खोलीत सगळीकडे लाल लोकर बांधली होती. खाटेच्या पायाला, आरामखुर्चीच्या हाताला, कपाटाच्या कडीला, गरम पाण्याच्या रबरी पिशवीला, हिरव्या रजईच्या कोपऱ्याला. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. एकाच गुंड्याची लोकर, दोन्ही घरांत.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुतण्या त्यांना घेऊन गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्या माझा हात धरून बसल्या होत्या. गार हात, कागदासारखे.

“तू जायची त्याच दिवशी मी येणार. दार उघडून हाक मारीन, तर समोर कोणी नाही.”

“आहे की. तुमचं अंथरूण गरम करून ठेवते आणि तुम्ही आत शिरलात की मग जाते. माझा शब्द.”

“डॉक्टर म्हणालेत, गारवा लागू द्यायचा नाही.”

“लागणार नाही.”

त्यांनी किल्ली माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ बाहेरून आपल्या हातानं मिटली. संध्याकाळी सातला त्या येणार होत्या.

तर तो दिवस उजाडला. थंडी अशी की नळाखाली हात धरला तर नळ चावायचा. पोथीचं पान झालं, तांब्या भरला, मी सज्ज.

मुकादम आणि त्याची दोन माणसं आठला येणार होती, ती सव्वादहाला आली. आल्या आल्या त्यांनी शेकोटी कुठे पेटवता येईल विचारलं. पहिला घोट. दात असे ठणकले की कपाळापर्यंत कळ गेली.

मग कपाट दारातून निघेना. ह्यांनी नव्या घराचं दार मोजलं होतं, नव्या जिन्याचं वळण मोजलं होतं, ज्या दारातून ते बाहेर काढायचं ते मात्र मोजलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, जुनं घर नकाशात येत नाही. दुसरा घोट. कपाट शेवटी बिजागऱ्या काढून आडवं नेलं आणि जाताना ते भिंतीचा चौदा वर्षांचा रंग सोलून घेऊन गेलं.

तेवढ्यात वन्सं मदतीला आल्या. मदत म्हणजे उरलेल्या एकमेव खुर्चीवर बसल्या. गारठा सोसत नाही म्हणून मी सुतळीनं करकचून बांधलेलं खोकं सोडून त्यांनी शाल काढली. मग दुसरं सोडून कप काढला. साखर तिसऱ्या खोक्यात होती. तिसरा, चौथा आणि पाचवा घोट.

त्याच सुमारास मी आजींची खोली उघडली होती. आठवडाभर बंद, आत नुसता ओलसर गारठा. दार, खिडकी सताड उघडी टाकली, रजई कठड्यावर उन्हात घातली. ठरवलं होतं असं, की देवांचा डबा घेऊन आधी नव्या घरी जायचं, सामान उतरवून घ्यायचं आणि पाचला रिक्षानं परत येऊन आजींचं अंथरूण घालायचं. निघताना आजींचं दार ओढून घ्या, असं मी ह्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ह्यांनी मान हलवली. नकाशाकडे बघून.

मुकादमाला ह्यांनी एकच हुकूम दिला होता. लाल लोकर दिसली की उचलायचं, शंका आली तर बाईंना विचारायचं. आणि मुकादम, त्याचं भलं होवो, फार आज्ञाधारक माणूस निघाला.

मी देवांचा डबा घेऊन निघणार, इतक्यात वन्सं चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “एक सांगू? तुझं हे शांत राहणं म्हणजे गुण नव्हे बरं का. दिवसभर घरात असणाऱ्या बाईला सोपं असतं ते. आमच्यासारखं कचेरीत बसून बघ.”

कचेरीत बसून बघ! सकाळी पाचपासून अठ्ठावीस खोकी बांधलेल्या बाईला! मी घोट घेतला नाही, तांब्या घेतला. गाल असे फुगले की डोळे बारीक झाले. नेमका त्याच क्षणी मुकादम दारात आला, अंगठा खांद्यावरून मागे नेला आणि म्हणाला, “ताई, तिकडचंही न्यायचं ना? लोकर आहे म्हणून विचारलं.”

जिन्यावर आमचा चपलांचा स्टँड होता आणि दोन कुंड्या होत्या. सकाळीच त्यांना लोकर बांधली होती. मी मान हलवली. त्याची खात्री पटावी म्हणून दुसऱ्यांदा हलवली. तो माझ्या गालांकडे काळजीनं बघत गेला.

हे आणि वन्सं माझ्याबरोबरच रिक्षात बसले आणि आम्ही नव्या घरी पोचलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतींना ताज्या चुन्याचा वास, आणि खोल्या अशा गार की बोललं की वाफ निघावी. मी बोलत नव्हते, त्यामुळे माझी वाफ आतच राहिली. देव कोनाड्यात मांडले, तांब्या भरायला नळ सोडला. नळ खोकला. मग शिंकला. मग गप्प बसला. पाणीपुरवठा कार्यालयात वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाच्या घरात पाणी नाही! ह्यांनी अर्जच दिला नव्हता. तांब्यात मोजून एक घोट उरला होता. तो मी तोंडात घेतला आणि ठरवलं, आता हाच दिव्यापर्यंत पुरवायचा.

साडेतीनला ट्रक आला. हे खोलीच्या मध्यावर नकाशा पसरून उभे, एकेक वस्तू दारातून आली की बोट दाखवायचे आणि कागदी तुकड्यावर खूण करायचे. कपाट आलं, खूण झाली. टेबल आलं, खूण झाली. सगळ्या तुकड्यांवर खुणा झाल्या. ह्यांनी समाधानानं पेन्सिल कानावर ठेवली, आणि दारातून एक आरामखुर्ची आली.

“ही नकाशात नाही,” हे म्हणाले.

मागोमाग लोखंडी खाट आली. मग एक ठेंगणं कपाट. हे माझ्याकडे वळले. मला न सांगता एवढं सामान कधी घेतलंस, आणि घेतलंस तर निदान मापं तरी द्यायची होतीस, असं म्हणाले. वर वेळ न घालवता नवे तुकडे कापायला बसले. वन्संनी आरामखुर्चीत बसून हात टेकले, मान मागे टाकली आणि म्हणाल्या, चला, निदान एक तरी बरी वस्तू घेतलीत तुम्ही.

मी खुर्चीकडे बघत होते. हाताला लाल लोकर होती. गाठ माझी होती. पण खुर्ची माझी नव्हती.

मग मुकादमाच्या खांद्यावरून हिरवी रजई आली. तिचा कोपरा मी स्वतः मागच्या थंडीत शिवला होता, कारण आजींना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

पायाखालची फरशी सरकली म्हणतात ते खोटं. फरशी तिथेच असते, आणि फार गार असते. पाच वाजत आले होते. तिकडे एक रिकामी खोली, खिडकी उघडी, आणि सातला दाराशी येणार होती एक म्हातारी, डोळ्याला पट्टी बांधलेली. आत शिरून ती खाटेसाठी हात पुढे करणार, आणि हाताला भिंत लागणार.

आता ओरडायला हवं होतं. पण तोंडात पाणी, पाण्यामागे राग, आणि रागामागे अकरा वर्षं. शिवाय वन्सं समोर. तोंड उघडलं तर पहिला शब्द काय निघेल ते मला पक्कं माहीत होतं. मी मुकादमाची बाही धरली, खुर्चीकडे बोट केलं, मग खाली बोट केलं. तो कळवळून म्हणाला, “ताई, दाढ फार दुखतेय का? माझ्या बायकोचाही गाल असाच सुजला होता. लवंग धरा.” मी पुन्हा खुर्ची, पुन्हा खाली. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यानं वन्संना उठवलं, खुर्ची उचलली आणि एक मजला खाली नेऊन कोणाच्या तरी बंद दारापुढे ठेवून आला. वर येऊन हात झटकत म्हणाला, ठेवली.

शेवटी मी ह्यांच्या कानावरची पेन्सिल ओढली आणि नकाशावर, दिवाणखान्याच्या बरोबर मध्ये, वीतभर अक्षरांत लिहिलं: हे सगळं आजींचं आहे. आत्ताच्या आत्ता परत न्या.

हे नकाशाकडे बघत राहिले. चेहरा पडला. मला वाटलं, आता कळलं. ह्यांनी खिशातून खोडरबर काढलं.

“अगं, शाईनं काढलाय मी हा. त्याच्यावर लिहितात का कोणी?”

आणि खोडायला लागले! कडेपासून, नीट, रेघ पुसणार नाही अशा बेतानं. “आत्ताच्या आत्ता” गेलं. “परत न्या” गेलं.

त्या क्षणी मी खिडकीकडे पाहिलं आणि मला देव दिसला. म्हणजे, ऊन दिसेना. थंडीचा एकच फायदा मला माहीत आहे, दिवस लवकर बुडतो. समोरच्या गच्चीवरचं ऊन निघून गेलं होतं. दिवेलागण! मला मुभा होती!

मी कोनाड्याशी गेले. वात तेलात भिजवली, काडी ओढली, दिवा लावला, हात जोडले. मग शांतपणे तो घोट गिळला. दुपारपासूनचा घोट होता, तरी अजून गारच. पदर खोचला आणि वळले.

भाषण तयार होतं. अकरा वर्षांचं होतं, पाठ होतं. सुरुवात खोडरबरापासून, मग पट्टी, मग नळ. पुढे वन्सं, त्यांच्यासाठी शालीपासून कचेरीपर्यंत वेगळा भाग. मधे जागा राहिली तर मामेभावालाही घ्यायचं होतं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण ह्यांच्या हातातलं खोडरबर थांबलं, वन्संनी शाल हनुवटीपर्यंत ओढली, मुकादम दोन पावलं मागे सरला. मी श्वास भरून तोंड उघडलं.

“क्खीं.”

एवढंच आलं. गंजलेली बिजागरी करते तसं. मी पुन्हा जोर लावला. या वेळी तेवढंही आलं नाही. सकाळपासून बर्फाचं पाणी धरधरून घसा दगड झाला होता. भाषणाचा एकेक शब्द घशाशी येत होता आणि तिथून हवा होऊन बाहेर पडत होता. मी हातवारे केले, पाय आपटला, खोडरबर हिसकून खिडकीबाहेर फेकलं. सगळे पुढे झुकून अतिशय लक्ष देऊन ऐकत होते. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

हे जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, “घसा बसलाय तुझा. थोडं पाणी पी.”

मी खाली बसले. हसू आलं की रडू, ते आवाजावरून कळलं असतं, पण आवाज नव्हता.

मुकादम तोवर नकाशापाशी वाकला होता. खोडायचं राहिलेलं त्यानं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, “हे सगळं आजींचं आहे.” मग माझ्याकडे पाहिलं. “ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत. दोनदा.”

हलवली होती. ह्यांनी फक्त एक दार उघडं ठेवलं होतं, वन्संनी फक्त जीभ चालवली होती. भरल्या गालांनी होकार दिला तो मी. “थांब, बघून सांगते” यात रागाचा एक शब्दही नव्हता आणि नेमही मोडला नसता. दिवसभरात माझ्याकडून कोणाला एवढंच हवं होतं. मी गालांची राखण करत बसले, म्हातारीची खाट गेली.

सामान वेगळं करणं सोपं नव्हतं, कारण लाल लोकर सगळ्यालाच होती. मी दारात उभी राहिले. मुकादम एकेका वस्तूवर हात ठेवून विचारायचा, मी नीट बघायची, आठवायची आणि मगच मान हलवायची. रिकाम्या तोंडानं. खाट, हो. गादी, हो. रबरी पिशवी, हो. नळाचा पाना, नाही. वन्संनी खाली जाऊन आरामखुर्ची शोधली. ज्या दारापुढे ठेवली होती त्या दारातल्या माणसांनी ती आत घेऊन टाकली होती, आणि वन्संनी कचेरीतला आवाज लावून ती परत मिळवली. तेवढं श्रेय द्यायला हवं. येताना तिथून एक थर्मास भरून गरम पाणीही आणलं, मला काही न बोलता माझ्या हातात दिलं आणि स्वतःची शाल माझ्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन आवळली. माझीच शाल होती ती, माझ्याच खोक्यातली. पण गरम होती.

सव्वासहा. जुनं घर ट्रकनं अर्ध्या तासावर.

हे नकाशा गुंडाळत होते. मी बरोबर येतो म्हणाले, पण आधी नळाचा अर्ज शोधला पाहिजे, तो कुठल्या खोक्यात आहे तुला आठवतं का? आठवत होतं. सांगता येत नव्हतं. आणि खरं म्हणजे, सांगावंसंही वाटत नव्हतं.

खाली ट्रक सुरू झाला. मी दिव्याची वात थोडी पुढे ओढली, तांब्या कोनाड्याशेजारी उपडा घातला. थर्मास काखेत धरला, आजींची किल्ली कमरेला आहे ना चाचपून पाहिली आणि रजई खांद्यावर टाकली. उन्हाची थोडी ऊब अजून तिच्यात होती, किंवा मला तसं वाटलं.

मागे हे खोकी उघडत मला हाका मारत होते. मी गेलेय हे त्यांना बराच वेळ कळलं नसावं. जिना मी फार शांतपणे उतरले. दुसरा इलाजच नव्हता.